सोळा अक्षरांच्या आत

मास्तरांना कोणी आपलं नाव सांगितलं की ते बोटांची पेरं मोजायला लागायचे. अंगठा एकेका पेरावर ठेवत, ओठ हलवत, इंग्रजी अक्षरं मोजायचे. समोर गॅसवाला असो, पोस्टमन असो नाही तर सोसायटीचा सेक्रेटरी असो. मोजून झालं की म्हणायचे, "बसतंय." आडनावासकट सांगितलं असेल तर, "सोळाच्या वर जातंय. नाही बसत." मग दुसरा प्रश्न, "अर्थ काय?" बहुतेकांना आपल्या नावाचा अर्थ माहीत नसतो. मग मास्तर त्याच्याकडे असं बघायचे, जसा काही तो तोंड न धुता आला आहे.

मला हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी सासरचं नाव सांगितलं. ते सोपं, देवीचं नाव आहे. त्यांनी मोजलं, म्हणाले, "हे फार वर्षांपूर्वीच जाऊन बसलंय वरती." मला बरं वाटलं. विषय संपला.

आम्ही उमेळ्याला राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागे केळीची वाडी होती आणि पुढे खणून ठेवलेला रस्ता. पाणी टँकरचं. मास्तर आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. शाळेतून रिटायर झालेले, लग्न न केलेले. स्वयंपाक त्यांना येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. डबा माझ्याकडचा. दुपारी मी वर पाठवायचे, संध्याकाळी ते स्वतः खाली येऊन न्यायचे. भाजी काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. कारल्याला आणि बटाट्याला त्यांचं तोंड सारखंच. जेवणात एवढा कमी रस असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा मला राग यायचा.

त्यांच्या नावांच्या खुळाचं कारण असं. त्यांचा कॉलेजातला एक मित्र परदेशात मोठ्या दुर्बिणीवर कामाला होता. त्याने बरेच बारके ग्रह शोधले होते. मी चौथी शिकले आहे, तेव्हा हे सगळं मास्तरांनी सांगितलं तसं लिहिते. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत असे हजारो फिरतात.

मी विचारलं, "मंगळाच्या शेजारी म्हणजे मुलींची लग्नं अडवणारेच का?"

"ते काही अडवत नाहीत, वहिनी. ते दगड आहेत."

"मग त्यांना नावं कशाला?"

"नंबर आहे ना. नंबर असला की नाव येतंच कधी तरी." मग म्हणाले, "बऱ्याच जणांचं येतही नाही."

नवीन दगड दिसला की आधी त्याला वर्ष आणि दोन-तीन अक्षरं लावतात, रिक्षाच्या नंबरासारखी. मग तो कुठून कुठे जातो ते बघत बसतात. त्याची वाट पक्की कळली, आता हा हरवणार नाही अशी खात्री झाली, की पक्का नंबर. त्यानंतर नाव. शोधणाऱ्याने सुचवायचं, वर मोठ्या लोकांची कमिटी आहे तिने पास करायचं. शोधणाऱ्याचा हा मान दहा वर्षं राहतो. नाव सोळा इंग्रजी अक्षरांच्या वर चालत नाही, आणि त्याबरोबर दोन-चार ओळींत अर्थ लिहून द्यायचा, तोही छापतात. मित्राला दगड सापडायचे पण नावं सुचायची नाहीत. त्याने ते काम मास्तरांवर टाकलं होतं. मास्तरांना त्याखेरीज दुसरं काही काम नव्हतं, आणि नको होतं.

मी म्हटलं, "म्हणजे मूल दहा वर्षांचं झालं तरी बारसं चालतं."

"चालतं."

"आमच्याकडे बाराव्या दिवशी नाही केलं तर आत्या रुसते."

ते हसले नाहीत. ते विनोदाला हसायचे नाहीत, त्यात चूक आहे का ते बघायचे.

हे काम आहे म्हटल्यावर लोक यायला लागले. एकदा इथला एक पुढारी आला, पांढरे कपडे, मागे दोन माणसं. वडिलांचं नाव एखाद्या ताऱ्याला द्यायचं म्हणाला. मास्तरांनी आधी तारा आणि ग्रह यातला फरक सांगितला. मग विचारलं, "वडील काय करत होते?"

"समाजकारण. राजकारण. तीन वेळा निवडून आले."

"वारून किती वर्षं झाली?"

"दोन."

"मग अठ्ठ्याण्णव वर्षांनी या. राजकारणी माणसाला शंभर वर्षं थांबावं लागतं. लढाईवाल्यांनाही."

पुढाऱ्याला वाटलं थट्टा चालली आहे. पण तसा नियमच होता. नंतर एक बिल्डर आला, त्याला मास्तरांनी दारातूनच सांगितलं की धंद्याचं नाव चालत नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मेलेल्या कुत्र्याचं नाव सुचवलं. मास्तर म्हणाले, "कुत्र्या-मांजरांची नावं नकोत असं म्हणतात. पण या दोघांपेक्षा मला तो पटला असता."

पाचूबंदरची नाताल मासे घेऊन यायची. नाताळात जन्मली म्हणून नाताल. मास्तर मासे खात नव्हते, पण तिला जिन्यात अडवून त्यांनी नाव मोजलं, अर्थ विचारला, आणि खूश झाले. आठ दिवसांनी तिला म्हणाले, "तुझं नाव नाही जमणार. त्याच्यासारखंच एक आधी देऊन झालंय."

नाताल पाटी उतरवत म्हणाली, "माज्या आदी कोन गेली तिकरं?"

"कोणी बाई असेल."

"जाऊ दे गेली तर. पानी हाय का तिकरं?"

"नाही."

"मंग मी जाऊन काय करू? बोंबील कुठं धुवू?"

ती हसली, मीही हसले. मास्तर विचार करत वर गेले. त्यांना वाटलं असेल, हा मुद्दा बरोबर आहे.

त्यांच्याकडे फोन नव्हता. मित्राचा फोन आमच्याकडे यायचा, रविवारी सकाळी. मी वर हाक मारली की ते शर्ट घालून, भांग पाडून खाली यायचे. फोनवर बोलायला भांग पाडणारे तेवढेच. उभ्यानेच बोलायचे. "हे घे, नऊ अक्षरं. अर्थ लिहून घे." मी बाजूला भाजी निवडत बसलेली असायचे. शिक्षकांची नावं, नद्यांची नावं, झाडांची नावं अशी ती जायची. काही पास व्हायची. पास झालं की मास्तर त्या दिवशी गुळाचा खडा मागून घ्यायचे. एरवी काही न मागणारा माणूस.

आता माझ्या नावाचं.

माझं माहेरचं नाव धोंडी. दादा जगला, त्याच्यानंतरची तीन मुलं गेली, मग मी. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे अशी नावं ठेवतात. दगड, धोंडा, केर. न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे काय न्यायचं. कारण मला माहीत होतं, तरी कारणाने लाज जात नाही. शाळेत मुलं मला वाटेतला दगड दाखवून म्हणायची, "तुझी बहीण बघ." उत्तर आलं नाही की गुरुजी म्हणायचे, नाव शोभतंय. चौथीनंतर शाळा सुटली त्याचं मला दुःख झालं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असलं नाव आमच्यात नको." मला वाटलं, सुटले. पुढे मुलांनाही मी सांगितलं नाही. रेशनकार्डावर नवीन, मतदानाला नवीन. धोंडी गावी राहिली.

आणि मग दादा आला. गावाहून पहिल्यांदाच आला होता. खांद्यावर नारळ-आमसुलांची पिशवी. कितवा मजला ते विसरला, आणि खाली उभा राहून गावात मारतात तशी हाक मारली.

"गो धोंडे. धोंडे गो. कुठच्या माळ्यावर आहेस?"

रविवारची सकाळ. टँकर आलेला, सगळ्या बायका बादल्या घेऊन खाली. मी गॅलरीत गेले तर सगळ्यांच्या माना वर. सूनबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आई, धोंडी कोण?"

दादाने मला पाहिलं आणि परत ओरडला, "अगो, ऐकू येत नाही काय तुला, धोंडे?"

सूनबाई हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं, मुली हसतात तसं. "आई, सिरियसली? तुम्ही कधी बोलला नाहीत. किती क्यूट आहे." मी पिठाचे हात तसेच घेऊन आत गेले. कानापासून मानेपर्यंत आग होत होती. साठीच्या बाईला असं व्हावं याचीच परत लाज.

दादा चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच मास्तर दारात. भांग पाडलेला.

"धोंडी," ते म्हणाले. अंगठा पेरांवर फिरला. "सहा. अर्थ काय?"

मी म्हटलं, "मास्तर, डब्याला वेळ आहे अजून."

पण दादाला माणूस भेटला की बोलायला लागतं. त्याने सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं तेही सांगितलं. आमच्यात बारशाला मुलाच्या आधी वरवंटा पाळण्याखालून-वरून देतात, मग मूल ठेवतात. माझ्या बारशाला आईने वरवंटाच पाळण्यात ठेवला. त्याला कुंची घातली. मला मांडीवर पदराखाली झाकून बसली.

"आत्याने वाकून वरवंट्याला कुर्र केलं," दादा म्हणाला. "त्याला कान कुठला? पण केलं. धोंडी म्हणून सांगितलं. मी पाळण्याची दोरी धरली होती."

"आणि हिला काय नाव ठेवलं?" मास्तरांनी विचारलं.

"हिला? हिला ठेवलंच नाही. हिला ठेवलं तर ऐकणारा ऐकेल ना. हाक मारायला मग तेच वापरलं."

मास्तर खुर्चीवर बसले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच बसले होते.

"म्हणजे नाव दगडाचं आहे," ते म्हणाले. "माणसाचं नाहीच."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे लागले. मित्राच्या एका नंबराची दहा वर्षं दिवाळीला संपत होती. त्यालाच हे नाव द्यायचं. मी सरळ सांगितलं, "अजिबात नाही. जमिनीवर झाकलं ते आभाळात लावता?"

"तुमचा होकार घ्यायलाच हवा असा नियम नाही," ते म्हणाले. "पण मी घेणार."

"मग नाही मिळणार."

ते डबा घेऊन गेले. पुन्हा तोंडाने विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी डबा हातात घेतल्यावर क्षणभर उभे राहायचे. असा मुका तगादा मला सहन होत नाही. गणपती झाले आणि एक दिवस मी म्हटलं, "काय लिहिणार आहात ते तरी ऐकवा."

त्यांना पाठ होतं. इंग्रजीत लिहायचं होतं, मला मराठीत म्हणून दाखवलं. "धोंडी म्हणजे दगड. जिथे मुलं जगत नाहीत तिथे आई मुलीला हे नाव देते, मृत्यूने तिच्याकडे बघू नये म्हणून. ही मुलगी जगली."

मी आत जाऊन दूध बघून आले. दूध उतू जात नव्हतं. बाहेर येऊन म्हटलं, "पाठवा."

आता जी लाजेची गोष्ट आहे ती ही, की मला ते हवं झालं. इतकी वर्षं जे नाव लपवलं ते मी स्वतः सांगत सुटले. आधी नातालला सांगितलं. मग सूनबाईला, तिने तिच्या आईला फोन केला. दादाला गावच्या बूथवर बोलावून सांगितलं, तो म्हणाला, "वरवंटा अजून आहे घरात, पाठवू काय त्यांच्याकडे?" पहिल्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्या बाईंनाही सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. गॅलरीत कपडे वाळत घालताना मी मास्तरांना विचारलं, "दिसेल का कधी?"

"डोळ्यांनी नाही. दुर्बिणीत ठिपका."

"चालेल," मी म्हटलं. चालेल म्हणे. मला कोण विचारत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी फोन आला. मास्तर खाली आले. मी मेथी निवडत होते. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, मास्तरांचं येत होतं.

"हसले म्हणजे? कोण हसले?"

मी हात थांबवले नाहीत.

"तिकडे जमलेल्या मराठी लोकांना तू दाखवलंस कशाला? ... शिवी नाही ती. ... अरे, दगडाला दगड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ... गोऱ्यांना समजावून सांगायची तुला लाज वाटते? मी चार ओळी लिहून दिल्यात ना. ... कधी पाठवलंस? ... कुठलं?"

मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सुंदर आहे. यापुढे माझ्याकडे नावं मागू नकोस." आणि फोन ठेवला.

त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. लपवायची अक्कल त्यांना नव्हती. मित्राने तिकडच्या आपल्या लोकांत ते नाव वाचून दाखवलं होतं. त्यांना ते खेडवळ वाटलं. कोणी तरी म्हणालं, आपल्यात बायकांना अशी नावं ठेवतात हे जगभर छापायचं का. मग मित्राने स्वतःच एक संस्कृत नाव शोधून पाठवलं.

"कमिटीने नाकारलं असतं तर मी भांडलो असतो," मास्तर म्हणाले. "तिथपर्यंत ते गेलंच नाही."

मी म्हटलं, "बरं झालं. मला नकोच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर गेले.

सूनबाईने विचारलं, "आई, तुमच्या प्लॅनेटचं काय झालं?" मी म्हटलं, तिकडे काही तरी चूक झाली. नाताल म्हणाली, "धोंडे, तुजा दगर कुठवर आला?" मी म्हटलं, नाही आला. "बोट चुकली असंल," ती म्हणाली आणि तराजू उचलला. दादाला मी कळवलंच नाही. तो वर्षभराने वारला. त्याने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हे मला त्याच्या बाराव्याला कळलं. लोक मला विचारत होते, आणि मी होय म्हणत होते.

पण हे मास्तरांचं लिहायला घेतलं आहे. त्यांनी नावं खरंच बंद केली. नवीन पोस्टमन आला, नाव सांगितलं, तरी यांचा अंगठा हलला नाही. रविवारी फोन यायचा, मी वर हाक मारायचे, ते जिन्यावरूनच म्हणायचे, "नाहीत म्हणून सांगा." मी सांगायचे. मित्र बिचारा नम्रपणे विचारायचा, "बरे आहेत ना?" मास्तर बरे नव्हते. डबा अर्धा परत यायला लागला. जो माणूस कारलं आणि बटाटा एकाच तोंडाने खायचा त्याने अन्न टाकावं, हे मला बघवलं नाही. दाढी वाढली. दुपारचे जिन्यात बसून राहायचे, पोरं त्यांना ओलांडून जायची. आणि हे सगळं माझ्या नावापायी. मला त्या नावाने आधी कमी लाजवलं होतं का.

होळीच्या सुमाराला मी स्वतः डबा घेऊन वर गेले. दारातच म्हटलं, "मास्तर, तुमच्या मित्राचे अजून किती दगड आहेत बिननावाचे?"

"आहेत पुष्कळ."

"मग त्याला सांगा, त्या बाईनेच नाव मागे घेतलं. लाजली, नको म्हणाली. म्हणजे त्याचाही मान राहील आणि तुमचाही."

"तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

"आता म्हणते आहे."

"वहिनी, ते खरं नाही."

"नसू दे. मला काय फरक पडतो. मी होते तशीच आहे." डबा त्यांच्या हातात दिला. "आज वांगं आहे. संपवा."

खरं सांगायचं तर, मी ते त्यांच्या भल्यासाठी म्हणाले, पण पुरतं नाही. जिना उतरताना मला पक्कं वाटत होतं की हा माणूस असलं काही बोलायचा नाही. ज्याला चुकीचं अक्षर चालत नाही, कुत्रा बरा पण पुढारी नको असं तोंडावर सांगतो, तो माझ्या नावावर खोटं बोलणार नाही. मला एवढंच बघायचं होतं. त्यांनी नाही म्हणावं, आणि मग मी पुन्हा आग्रह करावा, आणि त्यांनी पुन्हा नाही म्हणावं.

रविवारी फोन वाजला. मी नेहमीसारखी हाक मारली. ते खाली आले. दाढी केली होती, भांग पाडला होता. मी लसूण सोलत होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"हां, बोल," ते म्हणाले. "ते जाऊ दे. त्या बाईंनीच नको म्हटलं होतं रे. लाजतात. ... हो, बरंच झालं. ... हां, सांग नंबर."

अंगठा पेरांवर फिरायला लागला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी लसूण सोलत राहिले. मला वाटलं होतं, ते म्हणणार नाहीत.